फुजी चढायचा, तर आधी पावागढ

"आपण फुजी चढायचा का?" हा प्रश्न माझा नव्हे, बाबांचा. दोन हजार चोवीसच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर फराळाची ताटं दाखवून झाली, शेजारच्या काकूंचा नमस्कार झाला, आणि मग बाबांनी एकदम हे विचारलं. मागून आईचा आवाज आला, "ह्यांना मांडवीतून भाजी आणायला सांगितली की गुडघा दुखतो. आणि म्हणे जपानचा डोंगर!"

मी चार वर्षांपासून योकोहामात नोकरी करते. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली की आमच्या स्टेशनच्या फलाटावरून फुजी दिसतो. पहिल्या वर्षी त्याचा फोटो बाबांना पाठवला होता, तेव्हा त्यांनी उलट विचारलं होतं, "आपल्या पावागढच्या किती पट?" हिशेब केला. पावागढ सुमारे आठशे मीटर, फुजी ३७७६. पाचपटीला थोडा कमी. बाबांनी तो आकडा डोक्यात ठेवला असणार, कारण बाबा आकडे विसरत नाहीत. सगळी नोकरी बँकेत गेली आहे.

बाबा तेव्हा एकसष्ट वर्षांचे, निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. घर दांडिया बाजारात. सकाळी कमाटीबागेत तीन फेऱ्या, आणि वर्षातून एकदा चैत्रात पावागढ. तोही रोपवेने नव्हे, चांपानेरहून पायी. मी सलग तीन दिवाळ्या घरी गेले नव्हते. "नाही" म्हणायला मला तोंडच नव्हतं. "चला," म्हटलं, "पण तयारी माझ्या पद्धतीने करायची."

डोंगर समजून घेताना

फुजी हा जिवंत ज्वालामुखी आहे. चित्रात तो इतका शांत आणि रेखीव दिसतो की हे विसरायला होतं. त्याचा शेवटचा उद्रेक १७०७ सालच्या डिसेंबरात झाला आणि तेव्हाची राख आजच्या टोकियोपर्यंत, म्हणजे त्या काळच्या एदो शहरापर्यंत, येऊन पडली. आपल्याकडे त्याच वर्षी औरंगजेब मेला आणि शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे फार जुनं नाही." मी म्हटलं, "तुमचा पावागढही ज्वालामुखीचाच आहे. दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला, त्याच घराण्यातला." त्यांना हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कमाटीबागेतल्या सगळ्या मंडळींना ते ठाऊक झालं.

फुजीवर जायला चार वाटा आहेत. सर्वांत वर्दळीची योशिदा वाट. तिचं सुरुवातीचं ठिकाण, ज्याला तिथे 'पाचवा टप्पा' म्हणतात, ते २३०५ मीटरवर आहे आणि तिथवर टोकियोहून थेट बस जाते. तिथून शिखरापर्यंत साधारण १४७० मीटर चढायचं. चांपानेरपासून मोजलं तर जवळजवळ दोन पावागढ, एकावर एक.

लोक हे दोन दिवसांत करतात. पहिल्या दिवशी दुपारी निघायचं, संध्याकाळपर्यंत तीन हजार मीटरच्या वर असलेल्या एखाद्या डोंगरी निवासात पोचायचं, काही तास पाठ टेकायची, आणि मध्यरात्रीनंतर उठून टॉर्चच्या उजेडात शिखर गाठायचं, म्हणजे सूर्योदय वरून दिसतो. या सूर्योदयाला जपानीत 'गोराइको' असा खास शब्द आहे. काही जण निवासात न थांबता एका दमात रात्रभर चढतात. त्याला तिथले लोक 'बंदुकीच्या गोळीसारखी चढाई' म्हणतात आणि त्यात माणसं आजारी पडतात. म्हणून आता नियम कडक झालेत. २०२५ पासून प्रत्येकी ४००० येन शुल्क, योशिदा वाटेवर दिवसाला चार हजार माणसांची मर्यादा, आणि निवासाचं आरक्षण नसेल तर दुपारी दोन ते पहाटे तीन दरवाजा बंद. अंगावर नीट कपडे-बूट नसतील तर परतही पाठवतात. चढाईचा हंगाम फक्त १ जुलै ते १० सप्टेंबर.

गाइडबरोबर जायचं हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. वाट चुकण्याची भीती चढताना फारशी नसते. उतरताना मात्र योशिदा आणि सुबाशिरी या दोन वाटा एका ठिकाणी फुटतात आणि दमलेली माणसं तिथे चुकून डोंगराच्या भलत्याच बाजूला उतरतात. पण माझं खरं कारण वेगळं होतं. बाबा माझं ऐकणार नाहीत, परक्या माणसाचं ऐकतील.

सराव

एप्रिलमध्ये ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातलं आरक्षण केलं. ऑगस्टच्या मध्यात ओबोन म्हणजे त्यांच्या पितरांचा सण असतो, तेव्हा डोंगरावर जत्रा असते, म्हणून ते दिवस टाळले. हातात चार महिने होते.

बाबांना वेळापत्रक लिहून पाठवलं. आठवड्यातून तीन दिवस जिना. आमच्या इमारतीला चार मजले आहेत. पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्या, मग दर आठवड्याला दोन वाढवायच्या. जूनपासून पाठीवर सॅक, तिच्यात पाण्याच्या बाटल्या. लिफ्ट असताना बँकेतले साहेब पाठीवर ओझं घेऊन जिना का चढतात, हे वॉचमनने आईला विचारलं. आईने सांगितलं, "मुलीने शिक्षा दिली आहे."

महिन्यातून एकदा पावागढ. बूट मार्चमध्येच घेऊन दिले होते, कारण नवे बूट घालून फुजीवर जाणं म्हणजे पायाला फोड आमंत्रण देऊन बोलावणं. जूनच्या शेवटी बाबांनी चांपानेरहून चढून, खाली येऊन, माचीपासून परत वरपर्यंत अशी मजल मारली. रात्री फोन आला. "गुडघा?" मी विचारलं. "चढताना काही नाही. उतरताना बोलतो." मग डॉक्टरांकडे जाणं, मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम, उतारावर दोन काठ्या वापरण्याची सवय, हे सगळं झालं. पायऱ्यांवर दोन काठ्या टेकत उतरणाऱ्या बाबांना पाहून एका आजींनी म्हणे हात जोडले आणि विचारलं, "भाई, बाधा राखी छे?"

बाबांना वाटलं होतं, नवस कोणाचा ते सांगायला हवं. "दीकरीनी," म्हणाले आणि पुढे गेले.

माझा सराव? टोकियोजवळचा ताकाओ डोंगर, ५९९ मीटर, दोनदा. तानझावा रांगेतला तोनोदाके एकदा. तिथे बाराशे मीटरचा सरळ चढ आहे आणि फुजीआधी लोक मुद्दाम तो करतात. मी तो केला, दोन दिवस पाय धरले, आणि "आपलं झालं" असं स्वतःला सांगितलं. मी एकोणतीस वर्षांची. माझी काळजी करायचं कारण काय?

फॉर्म

जुलैमध्ये गाइड कंपनीकडून प्रकृतीचा फॉर्म आला. हृदयविकार आहे का, दमा आहे का, रक्तदाब आहे का, रोज कोणती औषधं घेता. बाबांना दीड वर्षापासून रक्तदाबाची एक गोळी चालू आहे.

"ते लिहू नकोस," बाबा म्हणाले. "लिहिलंस तर नेणार नाहीत."

"बाबा, खोटं लिहायचं?"

"खोटं नाही. रिकामं सोड."

आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासलेला माणूस हे म्हणत होता. मी तसं म्हटलंही. ते गप्प झाले, मग चिडले. म्हणाले, "तुला वाटतं मला जमणार नाही." दोन दिवस आमचं बोलणं फक्त आईमार्फत झालं. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब आटोक्यात होता, ताणचाचणी झाली, गोळी चालू ठेवायला सांगितली, आणि डॉक्टरांनी सहीनिशी चिठ्ठी दिली. फॉर्ममध्ये सगळं लिहिलं. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं: कळवल्याबद्दल आभार, गाइडला सांगून ठेवतो. बस, इतकंच. ज्याची भीती होती ते लपवण्यात आम्ही दोन दिवस घालवले, आणि सांगायला दोन मिनिटं लागली.

फ्रिजवरचा कागद

बाबा चढाईच्या बारा दिवस आधी योकोहामाला आले. बॅगेत आईने मेथीचे थेपले, खाखरे आणि सुखडी दिली होती. थेपल्यांचं वजन कपड्यांपेक्षा जास्त भरलं असावं. मला फार बरं वाटलं, कारण निवासातलं जेवण ठरलेलं असतं, आणि शाकाहारी माणसाने आधी कळवलं नाही तर भात आणि लोणचं एवढ्यावर भागवावं लागतं. आम्ही कळवलं होतं. तरी सुखडीसारखं चढाईचं खाणं नाही. गूळ, तूप, कणीक. खिशात मावते, थंडीने दगड होत नाही.

पहिल्याच रविवारी मी एक कागद लिहायला घेतला. मागे कधी फिरायचं, हे खाली घरी बसून ठरवायचं असतं. वर गेल्यावर थकवा, पैसे, हौस, सगळं मिळून माणसाला पुढे ढकलतं. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू एकतृतीयांशाने कमी. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर हे विरळ हवेचे त्रास कोणाला होतील ते वयावरून किंवा ताकदीवरून सांगता येत नाही. हे मी वाचलं होतं. वाचून बाबांना समजावलंही होतं.

मी लिहिलं: 'बाबांना डोकेदुखीबरोबर मळमळ झाली तर बाबा निवासात थांबतील. मी गटाबरोबर पुढे जाईन.'

बाबांनी चष्मा लावून वाचलं. खिशातलं पेन काढून दोन्ही ठिकाणचं 'बाबा' खोडलं. वर लिहिलं, 'ज्याला त्रास होईल तो'. आणि शेवटी, 'दुसरा पुढे जाईल. वाद घालणार नाही.' खाली सही, तारीख. मलाही सही करायला लावली. "करारात नावं नसतात," म्हणाले, "पक्ष असतात." कागद फ्रिजवर चुंबकाने लावला.

पाठीवर काय घेतलं

टोकियोत त्या आठवड्यात बत्तीस अंश होतं. दर शंभर मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, म्हणजे शिखरावर त्याच वेळी दहाच्या आत, पहाटे त्याहून कमी, आणि वारा असला तर थंडी आणखी झोंबते. म्हणून लोकरीचा आतला थर, जाड जाकीट, टोपी, हातमोजे. पावसाचे कपडे सदरा-पँट असे दोन तुकड्यांचे. तिथे छत्री चालत नाही, वारा उलटा खालूनही येतो. डोक्याला लावायचा टॉर्च आणि जादा सेल. दीड लिटर पाणी. वर अर्ध्या लिटरची बाटली पाचशे येनच्या आसपास पडते, जितकं उंच तितकी महाग. बुटात खडी जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायचे पट्टे. शंभर येनची भरपूर नाणी, कारण स्वच्छतागृहाला दर वेळी दोनशे-तीनशे येन लागतात. आणि कचऱ्याची पिशवी. डोंगरावर कुठेही कचरापेटी नाही. जे नेलं ते आपणच खाली आणायचं.

आईला दगड हवा होता, फुजीचा एक खडा, देवघरात ठेवायला. तेही जमत नाही. तिथला दगड उचलायला बंदी आहे. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही दोघं उचलून आणा स्वतःला."

ती रात्र

पाचव्या टप्प्यावर गाइडने आम्हाला तासभर नुसतं बसवलं. शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून. गाइड पन्नाशीच्या बाई होत्या, गटात पंधरा जण. त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या: पाऊल लहान टाका, सगळा तळवा टेकवा; आणि श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या, पूर्ण सोडलात की आपोआप आत येतो. बाबांनी तिथे एक लाकडी काठी घेतली. वाटेतल्या निवासांमध्ये पैसे दिले की तापलेल्या लोखंडाने त्या काठीवर शिक्का उमटवून देतात. पूर्वी पांढऱ्या कपड्यातले यात्रेकरू अशीच काठी घेऊन, डोळे, कान, नाक, जीभ, शरीर आणि मन ही सहा इंद्रियं शुद्ध होवोत असं म्हणत चढायचे. आणि १८७२ पर्यंत बायकांना शिखरावर जायला मनाई होती. बाबा म्हणाले, "बरं झालं, उशिरा जन्मलीस."

सातव्या टप्प्यापर्यंत लाल-काळी खडी, मग खडक. काही ठिकाणी हात टेकावे लागतात. बाबा पावागढच्या चालीने, एकसारखे, न बोलता चालत होते. माझं डोकं सातव्या टप्प्यानंतर ठणकायला लागलं. मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात ऑफिसचं काम अंगावर होतं, आदल्या रात्री मी चार तास झोपले होते, दुपारी नीट जेवले नव्हते, पाणीही बाबांना आठवणीने पाजत होते, स्वतः पीत नव्हते. चार महिने मी बाबांची तयारी केली होती. माझी करायची राहिली होती.

३१०० मीटरवरच्या निवासात पाचला जेवण, आठला दिवे बंद. बारा वाजता मी उठून बाहेर जाऊन ओकले. परत आले तर बाबा अंथरुणात बसलेले.

"डोकं दुखतंय?"

"थोडं."

"कधीपासून?"

मी उत्तर दिलं नाही. बाबांनी गाइडना उठवलं. त्यांनी बोटाला यंत्र लावून प्राणवायू पाहिला, प्रश्न विचारले, आणि सांगितलं की माझं वर जाणं नाही. निवासातली माणसं लक्ष ठेवतील, त्रास वाढला तर लगेच खाली न्यायचं, नाहीतर उतरताना गट मला घेऊन जाईल. मला रडू आलं. आकडा पुरा करायला फक्त पावणेसातशे मीटर राहिले होते.

"मी थांबतो," बाबा म्हणाले.

तो कागद योकोहामात फ्रिजवर होता, पण मला तोंडपाठ होता. "दुसरा पुढे जाईल," मी म्हटलं. "वाद घालणार नाही. सही तुमची आहे."

ते बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिले. एकच्या सुमारास निघाले. निघताना सुखडीचा डबा माझ्या उशाशी ठेवला आणि निवासातल्या मुलाला मराठीत सांगून गेले, "बघा हं हिच्याकडे." तो मुलगा वाकून "हाय" म्हणाला. जपानीत त्याचा अर्थ 'हो'.

मी पाणी पीत, उठून बसत रात्र काढली. साडेचारच्या सुमारास डोकं जरा हलकं झालं. दारात येऊन पाहिलं तर वर टॉर्चच्या दिव्यांची एक लांब वळणदार रांग होती, शिखरापर्यंत. त्यातला एक दिवा बाबांचा. पाचच्या सुमारास ढगांच्या वरून सूर्य आला. योशिदाची वाट त्या बाजूलाच आहे, त्यामुळे निवासाच्या दारातूनही तो पुरता दिसतो. निवासातला तो मुलगा गरम चहा घेऊन आला आणि शेजारी उभा राहिला.

गाइडनी ठरवल्याप्रमाणे गट मला उतरणीच्या वाटेवर भेटला. बाबांचा चेहरा राखेने काळवंडला होता, गुडघ्याला पट्टा बांधलेला, काठीवर शिखरावरचा शिक्का. मी विचारलं, "वर काय होतं?"

"थंडी," म्हणाले. "आणि रांग. आपल्या पावागढसारखीच." थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "खड्डा फार मोठा आहे. तुला दाखवायला हवा होता."

उतरताना ती खडी पाय घेऊन खाली धावते. बाबांचा गुडघा बोलायला लागला, आणि मी त्यांना एक काठी दिली, दुसरी मी घेतली. चार तास लागले.

त्यानंतर मी एक गोष्ट शिकले आहे. तुमच्यापैकी कोणी आईवडिलांना घेऊन अशा ठिकाणी निघणार असाल, तर यादीत दोन रकाने करा, आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहा. जिना तुम्हीही चढा. झोप तुम्हीही घ्या. डोकं दुखायला लागलं की लगेच सांगा; बाबांनी फॉर्ममध्ये जे लपवू नये म्हणून मी भांडले, तेच मी सातव्या टप्प्यावर केलं.

काठी बडोद्याला देवघराच्या शेजारी उभी आहे. खडा मिळाला नाही म्हणून आईने तिलाच हळदीकुंकू लावलं. कागद अजून माझ्या फ्रिजवर आहे. बाबांनी फोनवर सांगितलंय, तो काढायचा नाही; त्यात नावं नाहीत, त्यामुळे पुढच्या वेळीही चालेल. दरम्यान मला वेळापत्रक आलं आहे. आठवड्यातून तीन दिवस जिना, पहिल्या आठवड्यात पाच फेऱ्या. आणि या दिवाळीत पावागढ, चांपानेरहून पायी. तिकीट काढलं आहे.